कंसातली गावं

१९८२ साली, मृग लागायच्या आधी, मला पवनीकडचा एक हलका मिळाला. नेमणुकीच्या हुकमात मी तलाठी होतो, पण आमच्या भंडारा जिल्ह्यात तलाठ्याला आजही पटवारीच म्हणतात. सातबारावरही 'प.ह.नं.' म्हणजे पटवारी हलका नंबर हीच अक्षरं दिसतात. जुन्या पटवाऱ्याकडून दप्तर ताब्यात घेताना मी गावं मोजली. चार होती. तीन गावांतली माणसं येताना रस्त्यातच भेटली होती. चौथ्या गावाचं नाव मात्र मी कुणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं. यादीत ते नाव होतं, त्यापुढे कंस होता आणि कंसात एकच शब्द होता: रिठी. क्षेत्राचा रकाना भरलेला, आकारणीचा भरलेला, आणि लोकसंख्येच्या रकान्यात शून्य.

मला वाटलं, कारकुनाची चूक असेल. कोतवालाला विचारलं. तो साठीच्या पुढचा, तीन पटवारी पाहिलेला माणूस. काही न बोलता दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला सायकलवर घेऊन निघाला. धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावरून सायकली हातात धरून चालत आम्ही एका आमराईशी पोहोचलो. तिथे त्यानं पायातल्या चपला काढल्या आणि मलाही काढायला लावल्या.

"अठी गाव होता जी," तो म्हणाला. "मानूस नाई आता. पन मातामाय हाय."

आंब्याच्या सावलीत शेंदूर लावलेले चार-पाच दगड होते आणि समोर अलीकडेच फोडलेल्या नारळाची करवंटी पडली होती. जरा पलीकडे एक बांधीव विहीर, तिच्या काठाला दोराच्या खाचा पडलेल्या. जमीन आजूबाजूच्या शेतांपेक्षा हातभर उंच आणि रंगानं फिकट. ही पांढरी. ज्या जागेवर पिढ्यानपिढ्या घरं उभी राहिली आणि पडली, चुलींची राख पडली, शेणसडे झाले, त्या जागेची माती अशी पांढुरकी होते. गावठाणाला पांढरी आणि शेताला काळी म्हणण्याची आपली जुनी रीत यातूनच आली. कोतवालानं पायानं माती उकरली तशी खापरं निघाली. नंतर एका बाभळीखाली अर्धं जातं दिसलं. ज्या जागेला कागदात शून्य होतं, तिथे मी तासभर फिरलो आणि मला घरांच्या ओळी कळू लागल्या.

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षं, मी जिथे बदलून गेलो तिथे आधी कंसातली गावं शोधली.

*

रिठी हा शब्द नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूरकडच्या महसुली माणसाच्या रोजच्या बोलण्यातला. ज्या गावाला नाव आहे, शीव आहे, नकाशा आहे, शेतं आहेत, पण वस्ती नाही, ते रिठी. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या कागदांत अशा गावाला बेचिराग म्हणत, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते गाव. पुढे लोकांच्या तोंडी त्याचं बेचिराख झालं आणि अर्थ जळालेल्या राखेकडे गेला. मूळ शब्द राखेचा नव्हता, विझलेल्या दिव्याचा होता. रिठी गावात कुणी राहत नाही, पण शेजारच्या गावचे शेतकरी तिथली शेती करतात, सारा भरतात, वाटण्या करतात, भांडतातही. माणसं निघून गेली तरी जमिनीचा व्यवहार थांबत नाही, म्हणून नाव कागदावर टिकून राहतं.

गाव रिठी का होतं, याची कारणं आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात जागोजागी सापडतात. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांच्या धाडी पडत. १८१७-१८ च्या लढायांत पेंढारी मोडले, पण त्याआधी उघड्या मैदानातल्या लहान वस्त्या जवळच्या कोट-किल्ल्याच्या आश्रयाला गेल्या. त्यांतल्या काही परत आल्याच नाहीत. काही गावं नदीनं उठवली. वैनगंगा आमची आई आहे, पण पुराच्या वर्षी ती कुणाचं ऐकत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस ती भंडारा शहरात शिरली ते सगळ्यांनी पाहिलं. दोनशे वर्षांपूर्वी असं पाणी आलं की काठचं गाव उंचवट्यावर सरकायचं आणि मूळ गावठाणाच्या नावापुढे कंस पडायचा.

मोठा घाव बसला तो दुष्काळांचा. आमचा जिल्हा धानाचा. पोटरीत आलेल्या धानाला शेवटचं पाणी मिळालं नाही तर वर्षाची मेहनत तणसात जाते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ तीन वर्षांच्या अंतरानं आले. १८९१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४३ हजार होती. त्या जिल्ह्यात आजचा गोंदियाही होता. १९०१ मध्ये ती सुमारे ६ लाख ६३ हजारांवर आली. वाढायची ती दहा वर्षांत ऐंशी हजारांनी घटली. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमराईतली ती करवंटी आठवली. ऐंशी हजार माणसं कमी होतात तेव्हा मोठ्या गावातली दहा घरं बंद होतात, पण वीस घरांचा टोला अख्खाच बंद होतो. त्यानंतर १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, आली आणि जे दोन-चार दिवे उरले होते तेही विझले.

माझ्या त्या चौथ्या गावाबद्दल कोतवालानं त्याच्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं. पटकीची साथ आली. सकाळी एकाला पोचवून येईतो दुसरा जायचा. आठ दिवसांनी उरलेल्यांनी मातामायला हात जोडले, बोचकी बांधली आणि कोसभरावरच्या गावात सोयऱ्यांकडे आसरा घेतला. देवी मात्र त्यांनी नेली नाही. गावाचं गावपण तिच्याजवळ ठेवून ते गेले. त्यांचे वंशज आजही रोवणीआधी तिथे येऊन नारळ फोडतात. तहसील कचेरीच्या दप्तरखोलीत जुन्या बंदोबस्ताची, म्हणजे सारा ठरवण्याच्या मोजणीची, मिसल काढून पाहिली तेव्हा त्या गावात वस्ती लागलेली दिसली आणि पुढच्या बंदोबस्तात ती नव्हती. म्हातारीची गोष्ट आणि सरकारी कागद एकमेकांना भेटले तो क्षण मला नोकरीतल्या कोणत्याही बढतीपेक्षा मोठा वाटतो.

*

गाव कसं उजाडतं हे सांगताना गाव कसं वसतं तेही सांगायला हवं. आमच्याकडे गाव पाण्यानं वसलं, आणि ते पाणी माणसांनी अडवलं. कोहळी समाजाची माणसं जमिनीचा उतार डोळ्यांनी मोजत, दोन टेकड्यांमधली अरुंद जागा शोधत आणि मातीची पाळ घालून तलाव बांधत. आज गोंदियात असलेला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळींच्या नावानं ओळखला जातो. तलावाखाली धानाच्या बांध्या, बाजूला उसाची वाडी, पाळीवर मोहाची आणि आंब्याची झाडं, मग आखर, मग गाव. प्रत्येक लहान वस्तीची निदान एक बोडी, म्हणजे लहान तळं, असायची. माझ्या अनुभवात रिठी गाव शोधायची सोपी खूण हीच. जंगलात फुटक्या पाळीची बोडी दिसली की शेपाचशे पावलांवर पांढरी सापडतेच.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात त्यांनी गावच्या पाटलांना आणि इजारदारांना मालकी हक्क दिले. हे मालगुजार. गावातली पडीत जमीन, झुडपी जंगल, तलाव हे सगळं त्यांच्या मालकीचं झालं, पण रयतेचे वापराचे हक्कही कागदावर आले. वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात गावची रीत लिहिली गेली: गुरं कुठे चरतील, जळण कुठून आणायचं, तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत आधी जाईल. पुढे याच वापराच्या हक्कांची नोंद ठेवणारं निस्तार पत्रक आलं. इंग्रजांच्या कारभाराचं मला कौतुक नाही, पण एक गोष्ट मान्य करावी लागते: गावाची रीत लिहून ठेवण्यासारखी असते, हे त्या कागदांनी मानलं.

३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशात मालकी हक्क नष्ट करणारा कायदा लागू झाला. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या दिवशी मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. लोकांनी दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर उचलून त्यांना मामा तलाव केलं. आज शाळेतल्या मुलाला विचारा, तो सांगेल की हा मामा तलाव आहे. मामा म्हणजे काय, ते बहुतेकांना सांगता येत नाही. एक अख्खी व्यवस्था दोन अक्षरांत उरली.

याच काळात आणखी एक व्यवस्था आली आणि गेली. १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात जनपद सभा सुरू झाल्या. तहसिलीच्या पातळीवर लोकांनी निवडलेली ग्रामीण सत्ता, ही त्यामागची कल्पना होती. शाळा, रस्ते, दवाखाने त्यांच्याकडे आले. १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या तेव्हा जनपद सभा संपल्या. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जनपद सभेचा गोल शिक्का आहे. चौदा वर्षांत तिनं किती शाळा उभ्या केल्या, कुणी जागा दिली, कुणी श्रमदान केलं, याची गावागावात आठवण होती. ती सांगणारी माणसं आता नव्वदीत आहेत. गावासारखी संस्थाही रिठी होते. तिच्या जागेवर नवी इमारत उभी राहते आणि खालची पांढरी कुणी उकरत नाही.

*

नावाला मी एवढं का धरून बसतो, असं माझ्या सहकाऱ्यांनी अनेकदा विचारलं. त्यांना मी चम्मकचं उदाहरण देत असे. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. त्यात चर्मांक नावाचं गाव हजार ब्राह्मणांना दान दिल्याचं लिहिलं आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचं चर्मांक म्हणजेच आजचं चम्मक, हे ओळखता आलं कारण नाव जिवंत होतं. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख संपादित केले, तो ग्रंथ १९६३ मध्ये निघाला. ताम्रपटातली गावं आजच्या नकाशावर शोधताना त्यांच्यासारख्या अभ्यासकांच्या हाताशी काय असतं? गावांच्या नावांच्या याद्या. त्या आमच्यासारख्या पटवाऱ्यांनी सांभाळलेल्या. वस्ती नाही म्हणून एखाद्यानं रिठीचं नाव खोडलं असतं, तर ताम्रपटातलं एखादं गाव कायमचं हरवलं असतं.

आमच्या भंडाऱ्याचंच घ्या. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या १११४ च्या शिलालेखात भाणार हे नाव येतं आणि जिल्ह्याच्या नावाचा माग तिथपर्यंत नेता येतो. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं उत्खनन केलं, तेव्हा मौर्य-सातवाहन काळातला मोठा स्तूप निघाला. आम्ही कॉलेजात असताना तिथे सायकलनं जायचो. टेकडी म्हणून जिच्यावर पिढ्यानपिढ्या गुरं चारली, तिच्या पोटात हे होतं. पवनीला मोठ्या विद्वानांचे हात लागले. माझ्या आमराईतल्या पांढरीला ते लागणार नाहीत. तिला एक पटवारी आणि एक कोतवालच मिळाला. पण तिथेही माणसं जगली, हे तितकंच खरं आहे.

*

मग आलं गोसीखुर्द. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते पवनी तहसिलीतल्या गोसीखुर्दजवळ वैनगंगेवरच्या धरणाचं भूमिपूजन झालं. त्या गर्दीत मी बंदोबस्ताच्या कामावर होतो. कागदावर खर्च होता ३७२ कोटी रुपये, पुढे तो हजारो कोटींत गेला. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अकरा किलोमीटरहून लांब भिंत, तेहतीस दरवाजे, आणि नागपूर, भंडारा, चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतल्या अडीच लाख हेक्टरांना पाणी देण्याचा संकल्प. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला पाणी हवंच होतं. १८९९ चा दुष्काळ ज्यानं ऐकला आहे तो धरणाला शाप देणार नाही, मीही देत नाही. पण वैनगंगेकाठची डझनावारी गावं पूर्णपणे पाण्याखाली जाणार होती आणि ती उठवण्याच्या कागदांवर माझ्यासारख्यांच्या सह्या होत्या.

१८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली पंचनामे झाले. घर किती खणांचं, भिंत मातीची की विटांची, कवेलू की टिन, विहीर बांधीव की कच्ची, आंबा कलमी की गावरान, मोह किती, चिंच किती. सगळ्याला रकाना होता. त्याच दिवसांत माझ्या आजोळचं गावही यादीत आलं. ते माझ्या हलक्यात नव्हतं, म्हणून तिथे मी पंचनाम्याला नव्हे, भाचा म्हणून गेलो. मामांनी तिथल्या पटवाऱ्याला एकच प्रश्न विचारला.

"पाराचे पैसे कोनाच्या नावानं लिवसान जी?"

पिंपळाखालचा तो पार कुणाच्याच मालकीचा नव्हता. तिथे लग्नाच्या वराती थांबायच्या, दंडार या लोकनाट्याचा सराव व्हायचा, भांडणं मिटायची. पटवारी बिचारा गप्प राहिला. मीही गप्प राहिलो. पाराला रकाना नव्हता. शेवाळलेल्या घाटाला नव्हता, दोन गावांच्या मधल्या शिवधुऱ्याला नव्हता, शेजाराला नव्हता. नव्या वसाहतीत प्लॉट चिठ्ठीनं पडले आणि चार पिढ्यांचे शेजारी चार टोकांना गेले. उतारावरच्या बांध्या गेल्यावर ज्यांनी उभं आयुष्य धान केलं ते मोबदल्याचे पैसे संपल्यावर मजुरीला लागले.

एक गोष्ट मला आजही बोचते. गाव हलवताना शाळेचं सामान एका ट्रॉलीत भरलं गेलं आणि नव्या जागी पोचेपर्यंत जुना दाखल-खारीज रजिस्टर हरवला. कुणी मुद्दाम केलं नाही. पावसाचे दिवस होते, घाई होती, जबाबदारी कुणा एकाची नव्हती. त्या रजिस्टरात जनपद सभेच्या काळापासूनची प्रत्येक मुलाची नोंद होती: नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, शाळा कधी सोडली आणि का. कारणाच्या रकान्यात गुरं राखण्यासाठी असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं. गावाची पन्नास वर्षं त्या एका वहीत होती. घरांची किंमत मिळाली, त्या वहीची किंमत कुणी विचारलीच नाही.

नव्या वसाहतींना जुनीच नावं दिली गेली, पण त्यांपुढे एक शब्द जोडला गेला: पुनर्वसन. तोही कंसात. माझ्या नोकरीची सुरुवात ज्या कंसानं झाली, तोच कंस माझ्या आजोळच्या नावापुढे येऊन बसला.

पण लोक सहज हरत नाहीत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार किंवा झाडीपट्टीचं नाटक, सोयऱ्यांची वर्दळ. प्रत्येक गावचा दिवस ठरलेला. आजोळच्या लोकांनी नव्या जागी पहिल्याच वर्षी मंडई भरवली, तीही जुन्याच दिवशी. रस्ते झाले नव्हते, नळाला पाणी नव्हतं, आणि मंडई भरली. मे महिन्यात जलाशयाचं पाणी ओसरलं की काठाची जोती उघडी पडत. मामा थकेपर्यंत दरवर्षी तिथे जात. वाळलेल्या गाळावर उभे राहून काठीनं दाखवत: हे आपलं दार, हा गोठा, हा पार. नागपूरच्या नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे याच जलाशयात येतं, त्यामुळे त्या गाळाला वास येई. मामा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. ते जोतीच मोजत राहिले.

*

माझी मुलगी नोकरीनिमित्त फिनलंडच्या औलू शहरात आहे. तिला मी हे सगळं फोनवर सांगत असतो. एकदा तिनं तिकडची हकिकत सांगितली आणि मी अवाक् झालो. त्या देशाच्या उत्तर टोकाला लॅपलंड आहे. तिथल्या सोदानक्यूला नावाच्या एकट्या पालिकेचं क्षेत्र बारा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आजच्या भंडारा जिल्ह्याच्या जवळपास तिप्पट, आणि माणसं जेमतेम आठ हजार. आमच्या जिल्ह्यात बारा लाख. या सोदानक्यूलात १९६७ मध्ये वीजनिर्मितीसाठी लोक्का जलाशय भरला आणि कोर्वानेन, रिएस्तो, मुतेनिया ही गावं पाण्याखाली गेली. आमचं धान गेलं, त्यांची कुरणं आणि रेनडिअरच्या चरण्याची जागा गेली. बर्फाचा देश, वस्ती विरळ, भाषा वेगळी, आणि दुःख हुबेहूब आपल्या वैनगंगेकाठचं.

तिकडे ग्रामीण पालिकाही विलीन होत गेल्या. रोव्हानिएमीची ग्रामीण पालिका २००६ च्या पहिल्या दिवशी शेजारच्या शहरात मिळवली गेली. शेजारच्या स्वीडननं तर १९५२ मध्ये एका झटक्यात अडीच हजारांच्या आसपास असलेल्या पालिका हजाराच्या घरात आणल्या आणि १९७४ पर्यंत त्या पावणेतीनशेच्या आसपास उरल्या. माणसं शहराकडे गेली, लहान गावांना खर्च झेपेना. कारणं समजण्यासारखी आहेत. पण मुलीनं पुढे जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं. फिनलंडमध्ये प्रत्येक परगण्याचा, प्रत्येक लहान पालिकेचा इतिहास अभ्यासकाकडून लिहून घ्यायची जुनी परंपरा आहे. जाडजूड ग्रंथ असतात ते: कुठलं शेत कुणी नांगरलं, कुठली शाळा कधी उघडली. त्यामुळे पालिका संपली तरी तिचं पुस्तक ग्रंथालयात राहतं.

आपल्याकडे साधनांची कमी नाही. बंदोबस्ताच्या मिसली आहेत, वाजिब-उल-अर्ज आहे, निस्तार पत्रक आहे, गावाचे नकाशे आहेत. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आमच्या भागातल्या झाडीबोलीसाठी आयुष्य वेचलं आणि जी बोली अडाण्यांची म्हणून हिणवली जायची तिला मान मिळवून दिला. एका माणसाच्या चिकाटीनं एवढं होतं. मग गावाची ग्रामसभा मिळून आपल्या गावाची शंभर पानं लिहू शकत नाही का?

मी सुरुवात केली आहे. निवृत्तीनंतर माझ्याकडे तीन दुरेघी वह्या जमल्या आहेत. एकीत रिठी गावं: नाव, शिवेची गावं, विहीर आहे का, देव कोणता, पूजेला कोणत्या गावची कोणती कुळं येतात, वस्ती उठण्याबद्दल म्हातारी माणसं काय सांगतात. दुसरीत धरणाखाली गेलेली गावं: पार कुठे होता, घाट कुठे होता, मंडईचा दिवस कोणता, घरांची ओळ कशी होती. आजोळच्या गावाचा घरवार नकाशा मामांनी मला सांगून काढून घेतला. तिसरीत शेतांची नावं. सातबारावर फक्त भूमापन क्रमांक असतो, पण लोक नंबरानं शेत ओळखत नाहीत. त्यांच्या तोंडी डोंगरी, खारी, चिचेवाली, वाघमारी असते. ही नावं कुठल्याच सरकारी कागदात नाहीत, आणि शेत पाण्याखाली गेलं की एका पिढीत ती संपतात.

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. साथीनं, दुष्काळानं, पुरानं, धरणानं गाव उठतं, पण मरत नाही. माझं ते चौथं गाव शंभर वर्षं ओसाड आहे आणि तरी दर पावसाळ्याआधी तिथे नारळ फुटतो. गाव मरतं ते त्याचं नाव घेणारं शेवटचं माणूस जातं तेव्हा.

म्हणून पुनर्वसित गावांच्या सरपंचांना आणि गुरुजींना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या मंडईच्या दिवशी, सगळे सोयरे जमलेले असताना, गावातल्या सत्तरीपुढच्या माणसांना एकत्र बसवा. एक वही घ्या आणि पहिल्या पानावर जुन्या गावाचा नकाशा काढून घ्या. पार कुठे होता, तिथून सुरू करा.

आणि वाचकहो, तुम्ही पुढच्या वेळी सातबारा काढायला जाल तेव्हा आपल्या हलक्यातल्या गावांची यादी मागून बघा. एखाद्या नावापुढे कंस दिसला, तर एकदा तिथे जाऊन या. चपला बाहेर काढा. आणि घरी आल्यावर ते नाव मुलांना सांगा.